तालुक्याच्या कोर्टात ज्युनिअर टिकला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निकालांच्या दिवसांत आपल्या पुरवणीत करिअर मार्गदर्शनाची पानं येतात. यंदा त्यात कायद्याच्या शिक्षणाला चांगली जागा मिळाली, याचा आनंद वाटला. कॉर्पोरेट कायदा, बौद्धिक संपदा, सायबर गुन्हे, कंपन्यांमधल्या नोकऱ्या, न्यायाधीशपदाची परीक्षा, सगळ्यांची माहिती होती. जमिनीचे दावे आणि घरातली प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाबद्दल मात्र, तिथे जम बसायला वेळ लागतो, एवढंच वाचायला मिळालं. कराडच्या कोर्टात माझी हीच वकिली आहे, तीसेक वर्षांची. वेळ लागतो हे खरं. पण त्या वेळात माणूस नेमकं काय शिकतो, आणि तो मधेच सोडून गेला तर तालुक्यातल्या लोकांचं काय होतं, हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

मुंबई-पुण्यात १९८९ पासून कौटुंबिक न्यायालयं आहेत. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा हे सगळं तिथे एकाच ठिकाणी चालतं, समुपदेशकही तिथेच बसतात. तालुक्याला ही सोय नाही. आमच्याकडे घटस्फोटाचा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे जातो, पोटगीचा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढेच पण वेगळ्या नंबरने, आणि माहेरच्या जमिनीचा दावा असेल तर तो आणखी तिसरीकडे. एकाच बाईच्या एकाच संसाराच्या तीन-चार फायली होतात आणि प्रत्येकीची तारीख वेगळी. उंडाळ्याच्या पलीकडच्या एखाद्या वाडीवरून पहिल्या एस.टी.ने येणाऱ्या बाईला आज कुठल्या मजल्यावर पुकारा व्हायचा आहे, हेसुद्धा कळत नाही. तिला या सगळ्या फायली एकत्र डोळ्यापुढे ठेवणारा माणूस लागतो. सीनियर वकील एका कोर्टात उलटतपास घेत असतो, तेव्हा दुसऱ्या कोर्टात तिच्याजवळ उभा राहणारा ज्युनिअरच असतो.

लोकांना वाटतं, ज्युनिअर म्हणजे तारीख घेणारा पोरगा. माझ्या ऑफिसात आलेल्या मुलामुलींनी काय काम केलं, त्यातलं एक सांगते. पोटगीच्या अर्जाला नवऱ्याकडून ठरलेला से, म्हणजे लेखी जबाब, येतो: मला उत्पन्न नाही, जमीन वडिलांच्या नावावर आहे, मी बेकार आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी शपथेवर सांगायची, असं बंधन घातलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्याच निकालात ठरलं. फार मोठा निकाल आहे तो. पण शपथपत्राच्या नमुन्यात समोरच्याने उत्पन्नापुढे 'निरंक' लिहिलं, तर नमुना काही बोलत नाही. तिथून पुढे पायपीट सुरू होते. गावचा आठ-अ, म्हणजे कुणाच्या नावावर किती जमीन आहे तो उतारा, काढायचा, ऊस कुणाच्या नावाने लागला आहे ते बघायचं, विकास सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या सहीने उचललं, ट्रॅक्टर कुणाच्या नावावर आहे, हे सगळं शोधायचं. एका प्रकरणात नवऱ्याने उलटतपासात सांगितलं की तो शेताकडे फिरकतसुद्धा नाही. माझ्याकडच्या मुलीने साखर कारखान्याकडचे कागद साक्षीसमन्स काढून आधीच मागवून ठेवले होते. ऊस नोंद होती वडिलांच्या नावाने, पण बिलं जमा होत होती याच्या बँक खात्यात, हंगामामागून हंगाम. कागदाला निशाणी, म्हणजे पुराव्याचा नंबर, पडली, साक्षीदाराच्या हातात दिला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, आपल्या वकिलाकडे पाहिलं आणि खाते माझंच आहे म्हणून कबूल केलं. त्या पोटगीच्या आकड्यामागे त्या मुलीने कारखान्याच्या शेती विभागात घातलेले खेटे आहेत. निकालपत्रात तिचं नाव नाही.

आकडा ठरला म्हणजे पैसे मिळाले असंही नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा २००१ पासून सांगतो. प्रत्यक्षात तो किती चालतो, हे कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात बसून पाहावं. आणि हुकूम झाल्यावर नवऱ्याने पैसे भरले नाहीत तर वसुलीचा अर्ज करावा लागतो. या अर्जाची एक अट सामान्य माणसाला माहीत नसते: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे, पण ही अट तशीच आहे. बायका वाट बघत राहतात. आज देईल, दिवाळीला देईल, बिल आलं की देईल. वर्ष उलटून जातं आणि मागची बाकी वॉरंटाने वसूल करायचा हक्क निघून जातो. म्हणून आमच्या ऑफिसात एक स्वतंत्र डायरी आहे. कुठल्या बाईची किती महिन्यांची पोटगी थकली आहे आणि अर्जाची मुदत कधी संपते, ते त्यात लिहिलेलं असतं. ती डायरी ज्युनिअर सांभाळतो. तो मधेच सोडून गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर त्या वहीतल्या बायकांचं प्रत्यक्ष रोख नुकसान होतं.

पोटगीचा अर्ज लागला की उलट नोटीस येते, 'नांदायला या' म्हणून. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. ज्या नवऱ्याने वर्षभर फोन उचलला नाही, तो अचानक संसार करायला तयार होतो. रखमाबाईंनी याच मुंबई प्रांतात १८८७ साली, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाल्यावर तुरुंग पत्करायची तयारी दाखवली होती, त्याला आता जवळपास १४० वर्षं झाली. आज तुरुंग नाही, पण कलम ९ चा हुकूम बाईच्या पोटगीविरुद्ध दाखवायची रीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असा हुकूम झाला आणि ती गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. न जाण्याची कारणं बघावी लागतील. आता ती कारणं पुराव्यात आणायची कुणी? दवाखान्याचा कागद, शेजारणीची साक्ष, माहेरी आल्याच्या दिवशीचा व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश, हे सगळं जमवायला बाईशी तास न् तास बोलावं लागतं. काही गोष्टी ती माझ्यापुढेही बोलत नाही, माझ्या ज्युनिअर मुलीपुढे बोलते. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या, १८६६ चा जन्म. ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या तरी बाईला वकिलीची वाट खुली झाली ती १९२३ च्या कायद्याने. पडद्यातल्या बायकांची इस्टेटीची कामं त्यांनी आयुष्यभर पाहिली, कारण त्या बायका परपुरुषापुढे बोलत नसत. आमच्या तालुक्यात पडदा नाही. पण काय सोसलं ते सांगायला बाईला बाई लागते, हे मी रोज बघते. म्हणून मुली या बाजूला याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

वकील घरं मोडतात, असं लोक बोलतात. तारखा लांबवणारे वकील आहेत, हे मी नाकारणार नाही. एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये असं दिवाणी प्रक्रिया संहिता म्हणते, आणि रोजनामा, म्हणजे कामकाजाची तारीखवार नोंद, उघडला तर वेगळंच दिसतं. पण कौटुंबिक बाजूच्या वकिलाचा बराचसा वेळ भांडण्यात जात नाही, मिटवण्यात जातो. आणि मिटवणं हे फार कसबाचं काम आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात दोघांच्या सह्या झाल्या की संपलं, असं नवख्याला वाटतं. सहा महिन्यांची थांबायची मुदत योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं २०१७ च्या अमरदीप सिंग निकालापासून ठरलं आहे, त्यामुळे घाईही वाढली आहे. पण तडजोडीचा मसुदा ढिला असेल तर सहा महिन्यांत दोघं पुन्हा कोर्टात दिसतात. 'मुलगा सणाला वडिलांकडे राहील' असं लिहून चालत नाही. कुठल्या सणाला? गणपतीत गौरीजेवणापर्यंत की विसर्जनापर्यंत? आणायला कोण येणार, सोडायला कोण, की एस.टी. स्टँडवर ताबा द्यायचा? शाळेच्या दाखल्यावर नाव काय? पासपोर्टच्या अर्जावर सही कुणाची? स्त्रीधनात सोनं किती तोळे, त्यात गंठण धरलं का, बाळाच्या बारशातले वाळे कुणाचे, भांडी कुठे पोचवायची? स्त्रीधन बाईच्या स्वतःच्या मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलं आहे, पण यादीत लिहिलं नसेल तर ते परत येत नाही. हे प्रश्न पुस्तकात नाहीत. सीनियरच्या शेजारी बसून, दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसलेली असताना, कुठल्या वाक्याला कोण ताठ होतं हे बघत बघत ते शिकावे लागतात. त्याला वर्षं लागतात. 'जम बसायला वेळ लागतो' म्हणतात तो हाच वेळ.

जमिनीच्या बाजूला तर आणखी. माझ्याकडे एक मावशी आल्या, साठीच्या पुढच्या. भाऊ वारले, भाचे जमीन विकायला निघाले, तेव्हा कुणीतरी सातबारा बघितला तर त्यांचं नाव नाही. जुना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद, काढला. वडील वारल्यावर वारस नोंद करताना, 'बहिणींनी हक्क सोडल्याची वर्दी दिली' असा शेरा. खाली चार अंगठे. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या, त्या सही करतात. ही एक ओळ माझ्या ज्युनिअरच्या लक्षात आली, कारण त्याने फेरफाराची झेरॉक्स वाचली नव्हती, तहसीलच्या अभिलेख कक्षात बसून मूळ पान पाहिलं होतं. नुसत्या वर्दीने स्थावर मिळकतीवरचा हक्क जात नाही, त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि फेरफाराने मालकी ठरत नाही, हे आम्हा वकिलांना पाठ असतं. पण अंगठ्याची गोष्ट कागद उघडल्याशिवाय कळत नाही.

मुलींच्या हक्काबद्दल लोकांच्या मनात अजूनही फार घोळ आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या आधी, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ते वगळणं गेलं. पुढे पंधरा वर्षं वडील तेव्हा हयात होते का यावर वाद चालला आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालाने तो मिटला: हक्क जन्माने, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर ते मोडत नाही, एवढंच. गावात मात्र अजून 'तुझं लग्न आधी झालंय, तुला काही नाही' असं सांगून भाऊबीजेच्या साडीवर हक्कसोडपत्र होतात. त्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या दारात तिला खरं सांगणारा एक वकील हवा.

मावशींच्या दाव्यात त्यांचा हिस्सा ठरला. त्यांनी पेढे आणले आणि विचारलं, "मॅडम, आता जमीन माझी ना?" हिस्सा तुमचा, मी म्हटलं, जमीन अजून यायची आहे. कारण शेतजमिनीचं वाटप कोर्ट स्वतः करत नाही. हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणीला. मोजणीची फी भरायची, सगळ्या हिस्सेदारांना नोटिसा लागल्या पाहिजेत. एक हिस्सेदार मुंबईला असतो, एक मयत होतो, मग त्याचे वारस कामात आणायचे. पावसाळ्यात मोजणी होत नाही. उभा ऊस असला की होत नाही. एका टेबलावर कागद सापडत नाही, दुसऱ्यावर साहेबांची बदली झालेली असते. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, १८७२ साली म्हटलं होतं. दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारे अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, मार्च २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं आणि उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले. देशभरात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं त्यातून बाहेर आलं, आणि त्यात सर्वांत जास्त, तीन लाखांच्या वर, आपल्या महाराष्ट्रातल्या. यातली प्रत्येक दरखास्त म्हणजे दावा जिंकलेला एक माणूस. तिच्या मागे लागणारा, बेलीफाबरोबर उन्हात गटावर जाऊन चतुःसीमा दाखवणारा ज्युनिअर नसेल, तर ती फाईल जागची हलत नाही. मी हे अनुभवाने सांगते.

आणि हाच ज्युनिअर आज टिकत नाही. सनद मिळाली, ऑल इंडिया बार परीक्षा झाली, कोट शिवला, की दोन-तीन वर्षं तो सीनियरकडे येतो. बहुतेक ऑफिसांत त्याला पेट्रोलपुरते पैसे मिळतात, काही ठिकाणी तेही नाहीत. घरी विचारतात, वकील झालास, कमावतोस काय? मुलींना तर लग्नाच्या बोलण्यात विचारतात. मग कुणी बँकेच्या वसुलीत लागतो, कुणी पुण्याला कंपनीत, कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. हुशार असतो तो आधी जातो. राहतो तो, ज्याच्या घरी शेती आहे किंवा वडील वकील आहेत. शेतमजुराच्या, हातगाडीवाल्याच्या घरातला पोरगा या बाजूला येऊनही उभा राहू शकत नाही, ही मला सगळ्यांत जास्त लागणारी गोष्ट आहे. कारण कोर्टात येणारी माणसं त्याच्याच घरातली आहेत. त्याला ती कळतात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं: शहरी भागात ज्युनिअरला दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बार रूममध्ये ते परिपत्रक फोनवर फिरलं आणि विषय तिथेच थांबला. तालुक्यातला मध्यम वकील स्वतःच्या खिशातून १५ हजार देऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. आमच्या फीचं गणित लोकांना वाटतं तसं नसतं. जिंकलेल्या जमिनीत हिस्सा घ्यायला नियमानेच बंदी आहे, आणि ती योग्य आहे; पोटगीची बाई फी हप्त्याने देते, कधी देतच नाही. म्हणून सरकारने यात वाटा उचलला पाहिजे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं दरमहा ५ हजार रुपये देण्याची योजना सुरू केली होती. महाराष्ट्राला ते अशक्य नाही. निम्मे सीनियरने, निम्मे शासन आणि राज्य बार कौन्सिल यांनी मिळून, एवढं जरी झालं तरी माझ्या माहितीतली कितीतरी मुलं परत येतील. आणि पैसे द्यायचे ते तालुक्याच्या कोर्टात, दिवाणी किंवा कौटुंबिक काम शिकणाऱ्यांना आधी द्यावेत, असं माझं म्हणणं आहे. वकिलांची टंचाई असलीच तर ती इथे आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर, सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. पूर्वी अपील म्हटलं की मुंबईचा वकील, मुंबईचा मुक्काम, आणि त्या खर्चाला भिऊन माणूस अपील सोडून द्यायचा. आता कराडहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. ज्याने खालच्या कोर्टात तो दावा पहिल्या नोटिशीपासून हाताळला, तोच तरुण वकील वर उभा राहू शकतो. हे आमच्या पिढीला नव्हतं. ज्यांना वाटतं की तालुक्यात राहिलं म्हणजे वाढ खुंटली, त्यांना एवढंच सांगेन की ही संधी आत्ताच आली आहे.

माझ्या ऑफिसात दोन ज्युनिअरची जागा आहे. बार कौन्सिलने सांगितलेली रक्कम मी पूर्ण देऊ शकत नाही. जी देते ती दर महिन्याच्या पाच तारखेला देते, आणि दुसऱ्या वर्षापासून स्वतःच्या नावाने वकीलपत्र दाखल करू देते. मोडी वाचता येत असेल तर फारच चांगलं, नसेल तर शिकवीन. कराड बार रूममध्ये दिवाणी-कौटुंबिक काम बघणाऱ्या मॅडम म्हणून विचारलं तरी ऑफिस कळेल. येताना गुणपत्रिका आणली नाही तरी चालेल, आपल्याच गावचा एखादा सातबारा आणि त्याचे सगळे जुने फेरफार वाचून यावं.

आपली,
एक वकील वाचक भगिनी,
कराड, जि. सातारा